छत ठोकलं नाही

आसुटकर छत न ठोकताच डबा उघडून कोळशाच्या ढिगावर बसला. खदानीत बसण्याआधी काठीनं छत ठोकून बघतात, पोकळ वाजलं तर तिथून पळतात. काल लॉजवर मी त्याला हे तीनदा बजावलं होतं. आम्ही दोघेही पोलीस, मजुरांच्या वेषात आलेले. इथे खाली मात्र एकमेकांना अनोळखी.

उरकुडेनं ते पाहिलं. तो कोळसाचोरांचा म्होरक्या. आड आलेल्या दोघांना त्यानं याच खदानीत गाडलं होतं.

"दहा वर्सं खदानीत काढले म्हणतं ना बे तू?" म्हणत त्यानं कोळसा फोडायची लोखंडी सब्बल उचलली.

मी धावत जाऊन आसुटकरच्या कानाखाली वाजवली. "गाढवा, कालच तं सांगतलं तुले, ठोकल्याबिगर बसू नको! आमालेही मारशील!"

आसुटकरनं गाल चोळत काठी घेतली आणि छत ठोकलं. मजूर हसले. सुटलो, असं मला वाटलं.

उरकुडे तेवढा हसला नाही. सब्बल घेऊन तो माझ्याकडे वळला.

"काल?" त्यानं विचारलं. "हा तं आज सकाळीच आला ना बे. तुले काल कुठं भेटला?"