झेंडूच्या माळा

खंडेनवमीला साइटवरच्या बारा बायकांनी बिनड्रायव्हरच्या खोदाई मशीनची पूजा केली. उरलेली झेंडूची माळ गळ्यात घालून केराबाई घमेलं घ्यायला वळली, तर पुन्हा चालू झालेलं मशीन तिच्यापुढं गपकन थांबलं.

एरवी ते फक्त नारिंगी जॅकेटवाल्यांसाठी थांबायचं, आणि रोजंदारीच्या बायकांना जॅकेट मिळतच नव्हतं. जीव मुठीत धरून वावरायच्या.

"अगं, ह्याला फुलंबी दिसत्यात की!" केराबाई ओरडली.

दसऱ्यानंतर बाराही जणी माळा घालून आल्या. मशीन पावलापावलाला थांबायला लागलं.

"मावश्यांनो, काढा ती फुलं, काम अडलंय!" मुकादम वैतागला.

"जॅकेटं आण. नायतर रोज पूजा हाय," केराबाई म्हणाली.

दुपारी जॅकेटं आली. केराबाईनं लुगड्यावर जॅकेट चढवलं, डोक्यावर घमेलं घेतलं आणि पहिल्यांदाच मशीनकडं पाठ करून निवांत चालायला लागली.