घरटी एक बंदूक

नाईलकाठच्या शहातनं जन्मात ऊसतोडीच्या कोयत्यापलीकडे हत्यार धरलं नव्हतं. पण फौजदारानं लेकाला उचलून बजावलं, “घरटी एक बंदूक जमा करा, पोरगा न्या.” गाभण म्हैस विकून शहातनं दलालाकडून बंदूक आणली, ठाण्यात दिली. पोरगा सुटला, बापाला विनापरवाना शस्त्रासाठी शिक्षा झाली. अपिलातही तो पिंजऱ्यातून हेच सांगत होता. “कहाण्या पुरे,” न्यायाधीश म्हणाले, “साक्षीदार आहे?” टेबलावरच्या बंदुकीला बांधलेला निळा मणी पाहून सुनावणी ऐकायला आलेला शेजारी खलाफ बाकावरून ताडकन उठला. “शहातकाका खरं बोलतोय, साहेब! हा मणी माझ्या आईनं बांधलेला. गेल्या वर्षी त्याच ठाण्यात मीच ही बंदूक जमा केलेली!” शहातचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे तुझ्याकडेही होती?” न्यायाधीशांनी पेन उचललं. शिपायानं पिंजऱ्याचं दार उघडलं. शहात लगबगीनं निघाला. “सरक म्हाताऱ्या,” शिपाई खेकसला, “शेजाऱ्याला जागा दे.”