तिसरा पुकारा

जजसाहेब, साक्षीदार मिळाला नाही म्हणून तुम्ही बिभीषणचा खुनी सोडलात. खून मिरजगावच्या भर बाजारात झाला. अख्खं गाव बघत होतं.

खुनाच्या खटल्यांच्या कादंबऱ्या आम्ही झपाटून वाचतो. शेवटी साक्षीदार पिंजऱ्यात खरं बोलतो, ते पान तर सगळ्यांचं आवडतं. आमच्या साक्षीला मात्र शिपायानं तीनदा पुकारलं, तरी कुणी उठलं नाही.

आता वाचनालयात कुणी ते पान उलटलं की दाराबाहेर पुकारा होतो. बाहेर कुणी नसतं. आत सगळ्यांच्या माना खाली.

"टेम्पोवाला ओरडत असंल," शेजारी वाचत बसलेले गोरक्षअण्णा पुटपुटले.

"मग उलटा की पान," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटलं.

माझ्या पुस्तकातलं मी उलटलं. माझंच नाव आलं, दोनदा, बिभीषणच्या आवाजात. मग अगदी कानाशी: "तिसऱ्यांदा इचारतो. हजर हाय का?"