तीळ सुटेनात

तीळ काही सुटेनात. गुरुजींनी पळीभर पाणी घातलं, माधवरावांनी तळवा अंगठ्याच्या बाजूला कलता केला, तरी चार काळे तीळ एकमेकांना बिलगून तिथेच.

"सोडा, सोडा! हात आणखी कलता करा," गुरुजी म्हणाले. माधवगंजातलं हे घर आटोपून त्यांना पुढे पडाव भागात अजून दोन घरं गाठायची होती. आज अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस. माधवरावांच्या पत्नी शामलाबाई गेल्या वर्षी श्रावणात गेल्या.

माधवरावांनी हात झटकला. तीळ जागचे हलले नाहीत.

"घेत नाहीये ती," ते पुटपुटले. "रागावलीय माझ्यावर. का नाही रागावणार?"

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात ती पाणी पाणी करत होती. डॉक्टरांनी बजावलेलं, थेंबसुद्धा द्यायचा नाही. अन् हा गृहस्थ जन्मभर सरकारी नोकरीत हुकूम पाळत आलेला! ओला कापूस तेवढा तिच्या ओठांवरून फिरवत राहिला. संध्याकाळी ती गेली, कोरड्या घशानं.

शेजारी मुलगा बसला होता, पुष्कर. पाण्याच्या पातळ थरात बारीक कण एकमेकांना कसे ओढतात, यावरच त्याचं बंगळूरला संशोधन चाललेलं.

"बाबा, ऐसा कुछ नहीं है. आई कशाला रागावेल? पाणी कमी पडतंय, बस. तीळ अर्धे पाण्यात, अर्धे वर. मग त्यांच्या कडेनं पाणी वर चढतं आणि त्यांना जवळ ओढतं, हातालाही धरून ठेवतं. पूर्ण बुडले की पकड सुटते."

"मग घाल."

पुष्करनं पळी बाजूला ठेवली आणि तांब्याच उचलला. धार पडली तसे तीळ एकेक सुटे झाले आणि ताम्हनात उतरले.

"झालं! हात पुसा," गुरुजी म्हणाले, आणि पुढचा मंत्र सुरू केला.

माधवरावांनी हात पुसला नाही. रिकामा तळवा तसाच पुढे धरून ते मुलाकडे बघत राहिले.

"तांब्याभर पाणी, पुष्कर," ते म्हणाले. "तेवढंच तर मागत होती रे."