मोकळी मान

आजाराने बाबांचा कणा मानेपर्यंत लाकडासारखा कडक झाला होता. वीस वर्षं ते समोरच्याशी बोलायचे ते त्याच्या चपलांकडे बघत. परवा ते न्हाणीघरात घसरले. एक्स-रे बघून दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "काही मोडलेलं नाही, मुका मार आहे. आठ दिवस गोळ्या घ्या."

आज सकाळी चहा घेताना बाबांची मान चक्क वर आली. आईकडे बघून ते म्हणाले, "अगं, किती म्हातारी झालीस तू!"

आई हसता हसता रडली. तेलाची वाटी आणून, "अजून थोडी सुटेल," म्हणत त्यांची मान चोळायला बसली. मी फोटो काढला आणि बाहेर येऊन बाबांच्या जुन्या डॉक्टरांना पाठवला.

त्यांचा लगेच फोन आला. "मानेला हात लावू नका! हाडं एकजीव होऊन जखडलेली मान अशी सुटत नसते. ती मोडली आहे. साध्या एक्स-रेत दिसलं नसेल."

मी आत धावले.

आईचे हात अजून मानेवरच होते आणि बाबा विचारत होते, "अगं, माझे हात मला का जाणवत नाहीयेत?"