गाव गेवराईला उतरलं

"आता तू गोसावी हाय," मुक्ताबाई म्हणाली आणि तिनं लेकाच्या कपाळावर मूठभर राख फासली.

"आई, मघाशी मी वानी व्हतो," सिदू कुरकुरला.

"मघाचं मघा गेलं. बस काहिलीत. अन् साहेबासमोर शिंकू नको बे, राख उडंल!"

सिदू काहिलीत बसला. नावाडी बंकटनं वल्हं मारलं आणि काहील गोदावरीच्या पाण्यावर गरगरत निघाली.

गेवराईच्या वरच्या अंगाला, नदीच्या मधोमध, हे बेट होतं. राज्य निजामाचं होतं खरं, पण बेटावरच्यांना आपलं राज्य वेगळंच वाटायचं. या राज्याची वाहतूकही वेगळी. हवेतून घारी यायच्या, जमिनीवरून बकऱ्या हिंडायच्या आणि पाण्यातून माणसं जायची ती काहिलीतून. काहील म्हणजे गूळ शिजवायची लोखंडी कढई. गुळाचा हंगाम सरला की तीच होडी. तिला ना पुढं ना मागं. बसलेल्या माणसाचा पैलतीरी पोचेपर्यंत चारही दिशांना रामराम घालून व्हायचा. कडेला बसलेल्याच्या धोतराला गुळाचे मुंगळे लागायचे, ते गेवराईच्या बाजारापर्यंत सोबत करायचे.

जग मात्र पुढं गेलं होतं. हैदराबादेत विमान उतरतं, असं ऐकू येई. बीडच्या सडकेवर मोटार धावू लागली होती. आणि वडवणीच्या सुंदररावांनी सिदूच्या सोयरिकीवर निरोप धाडला होता: "विमान मागत न्हाई, मोटार मागत न्हाई. पर माजी लेक कढईत बसून सासरी जानार न्हाई. नाव आणा, नवरी न्या." सिदूच्या कानाजवळचे केस पिकायला लागले होते. ही सोयरीक मोडली असती तर पुढची यायला कोणी उरलं नव्हतं.

नाव समोरच होती. सरकारची, नवी, लाकडी, डांबराचा वास मारणारी. पैलतीराला साखळीनं बांधलेली. तिच्यावर खालच्या घाटाचाही डोळा होता. ज्या घाटावर माणसांची जा-ये जास्त, त्याला नाव, असा हुकूम होता. खालचा घाट पाहून झाला होता. आज महसुलाचे गिरदावर साहेब माणसं मोजायला इथं पैलतीरावर लिंबाखाली बसले होते. साखळीची किल्ली त्यांच्या शेरवानीच्या गुंडीला लटकत होती. पुढ्यात त्यांनी आपली रुमी टोपी उलटी ठेवली होती आणि शेजारी एक रुमाल पसरला होता. काहिलीतून माणूस उतरला की साहेब टोपीत एक चिंचोका टाकायचे. रुमाल कशाला, ते कोणी विचारलं नाही.

युक्ती मुक्ताबाईची होती. काहिलीतून उतरायचं, साहेबांना सलाम ठोकून गेवराईची वाट धरायची. बाभळीच्या झाडोऱ्याआड गेलं की वळायचं, नदीच्या वळणाला कमरेला भोपळे बांधायचे आणि पोहत बेटाच्या पाठीमागून घरी. तिथं पागोटं बदलायचं, घोंगडी बदलायची, पुन्हा काहिलीत. सारं बेट कामाला लागलं होतं. छबुबाई एकदा म्हातारी होऊन गेली, एकदा तिचीच सून होऊन. पाटील अर्जुनराव तर घाईत स्वतःच्याच गड्याचे कपडे घालून गेले आणि सवयीनं स्वतःलाच शिव्या देत उतरले.

टोपी भरत आली. बंकट रिकामी काहील घेऊन परतायचा, भरून आणायचा. मुक्ताबाईला काठावरच्या नावेत सून बसलेली दिसायला लागली.

उन्हं कलली तेव्हा सिदू आईचं लुगडं नेसून उतरला. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मागोमाग मुक्ताबाईही उतरली.

"कुठं निघालात, बाई?" साहेबांनी विचारलं.

"म्हायेरी," सिदू घोगऱ्या आवाजात म्हणाला. वाऱ्यानं पदर उडाला आणि मिशा दिसल्या.

साहेबांनी टोपीत दोन चिंचोके टाकले. मग मुक्ताबाईकडे वळले.

"ही टोपी बघा, बाई."

"भरली की, साहेब!"

"आता हा रुमाल बघा."

"ह्यो तर मोकळा हाय."

"बेटावरून आला त्याचा चिंचोका टोपीत. बेटावर गेला त्याचा रुमालात. सकाळपासून वरात निघावी तशी माणसं निघाली. आत एकसुद्धा गेला नाही. कावून?"

बेटावरच्या माणसाचा सारा जन्म बाहेर कसं पडावं याच काळजीत जायचा. आपल्याकडे कोणी येऊही शकतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ओल्या अंगावर घाईत नेसलेल्या सिदूच्या लुगड्यातून नदीचं पाणी टपटपत होतं. बंकटनं वल्हं खाली ठेवलं.

मुक्ताबाई पुढं झाली. तिनं टोपीतला एक चिंचोका उचलला आणि रुमालाच्या मधोमध ठेवला.

"यवढा एक धरा, साहेब."

"हा कोणाचा?"

"माज्या सुनंचा."

"कुठाय सून?"

"वडवणीला. नाव आली की येती."

साहेबांनी लुगड्याकडे बोट केलं. "आणि ही माहेरवाशीण?"

"त्यो नवरदेव हाय, साहेब."

साहेब असे हसले की लिंबावरचे कावळे उडाले, ते म्हणे थेट नेकनूरला जाऊन बसले. मग त्यांनी गुंडीची किल्ली सोडली आणि रुमालात, त्या एकुलत्या चिंचोक्याशेजारी ठेवली.

"सगळं गाव गेवराईला उतरलंय, बाई," ते म्हणाले. "परत न्यायला कढई कशी पुरंल? न्या नाव."