महिषासुराचं तोंड

मोतीलालने पहिली थोबाडीत मारली तेव्हा गिरधरच्या स्कॅनरमधून गणपतीचं चित्र सोंडेपर्यंतच उतरलं होतं.

"हाई तोंड कोनी काढं?" मोतीलालने त्याच्या नाकासमोर कॅलेंडर धरलं.

फैजपूरच्या एका खतवाल्याचं १९९७ सालचं कॅलेंडर. देवी महिषासुराला मारते आहे. महिषासुराचा चेहरा जळगावच्या उखर्डूभाऊ नगरसेवकांचा आहे, हे सगळ्यांत आधी उखर्डूभाऊंच्या आईने ओळखलं. भाऊंनी मग धुळ्याहून तीन माणसं मागवली. गावातली वापरली तर बोभाटा होतो, आणि निवडणूक जवळ होती.

"मी फक्त स्कॅन करतो," गिरधर म्हणाला. "चित्र येतं, कॉम्प्युटरात घेतो, रंग सुधारतो, छापायला पाठवतो."

"आणि चितारीनी सही?"

"कडेला असते. कागद कापताना जाते, म्हणून मी आधीच गाळतो."

हे खरं होतं, त्यामुळे त्याला जास्त मार बसला. एकाने कंबरेचा पट्टा काढला. दुसऱ्याने त्याचं डोकं कीबोर्डवर आपटलं. पडद्यावरचा गणपती एकदम निळा झाला.

कोपऱ्यातल्या बाकावर पितांबरनाना पेंटर चहा घेत होते. शेजारी त्यांची बायको धुरपदाबाई, मांडीवर जेवणाचा डबा. दोघं गणपतीचे रंग पाहायला आले होते. म्हणजे नाना मान हलवायचे आणि बाई बोलायच्या. "शेंदूर पार विटकरी केलास की रे," असं मघाशीच त्यांनी गिरधरला सुनावलं होतं. नवऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायची त्यांना सवयच होती.

नानांच्या हातात कपबशी खडखड वाजत होती.

"बाबा, घाबरू नका," मोतीलाल म्हणाला. "वडीलधाऱ्यांवर आम्ही हात टाकत नाही." तो त्यांच्या शेजारी टेकला आणि डब्याकडे वाकला. "मावशी, भरीत शे का?"

"शे. खा. पण दाराकडे तोंड करून बस, भाऊ. उजेडात. नाहीतर घासात केस आला तर दिसायचा नाही."

मोतीलाल उजेडाकडे वळून बसला. भाकरी वाढणाऱ्या बाईंची नखं पिवळी होती. हळद काही लवकर जात नाही.

तो जेवेपर्यंत इतर दोघांनी गिरधरचा एक दात पाडला. दात टेबलाखाली गेला. गिरधर दहा वर्षं नानांच्या गल्लीत राहत होता. त्याने नाव सांगितलं नाही. मग एकाने फिल्म कापायचं ब्लेड उचललं आणि गिरधरचा कान अर्धा चिरला. रक्त मानेवरून शर्टात उतरलं.

"सोडा त्याला," नाना उठले. "ते चित्र माझ्या घरातलं आहे. मी काढलं."

मोतीलालला वाईट वाटलं. "काबरं, बाबा?"

"माझी टपरी पालिकेने पाडली. तुमचे भाऊ समोर उभे राहून हसत होते."

"कोणत्या हाताने काढता?"

नानांनी थरथरता उजवा हात पुढे केला. मोतीलाल आधी त्यांच्या पाया पडला. मग त्याने तो हात स्कॅनरच्या काचेवर ठेवला, विचार केला आणि उचलून टेबलावर घेतला. स्कॅनर दुकानाचे मालक सुरेशचंद शेट यांचा होता, आणि शेट पक्षाला वर्गणी देत.

लोखंडी गज तीनदा पडला. पहिल्या वेळी नाना ओरडले, दुसऱ्या वेळी कण्हले, तिसऱ्या वेळी नुसतं हाड वाजलं.

 धुरपदाबाई मोतीलालकडे टक लावून पाहत राहिल्या. कपाळ, भुवया, हनुवटीवरचा व्रण. शेवटी त्यानेच नजर वळवली.

"मावशी, शाप नका देऊ," तो म्हणाला. "आमचं कामच तसं शे."

सिव्हिलमध्ये नानांना कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. शेजारच्या खाटेवर गिरधर होता, कानाला आठ टाके.

"पितांबरराव, या हाताने आता पुन्हा ब्रश धरता यायचा नाही," डॉक्टर हळहळत म्हणाले.

"ब्रश सुटून सहा वर्षं झाली, डॉक्टर," नाना म्हणाले. "नंबरप्लेटसुद्धा रंगवता येईना, इतका हात कापायचा."

उशाशी बसलेल्या धुरपदाबाईंनी डब्याच्या पिशवीतून पेन्सिल काढली, एक्स-रेचं पाकीट पालथं केलं आणि पुढच्या सालच्या महिषासुराला मोतीलालच्या नाकापासून सुरुवात केली.